नाव्ह्याचा वेढा, पैनगंगेची हद्द आणि आपली राष्ट्रीय ओळख

वसाहती युद्धातून राष्ट्राची ओळख घडते, असा विषय निघाला की पहिले नाव गॅलिपोलीचे येते. १९१५ साली ब्रिटिश साम्राज्यासाठी लढायला गेलेले ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानच्या त्या किनाऱ्यावरून हार पत्करून परतले, तरी २५ एप्रिल हा त्या दोन्ही देशांचा राष्ट्रीय स्मृतिदिन झाला. इथिओपियाने १८९६ मध्ये अडवा येथे इटलीच्या फौजेला धूळ चारली आणि तो विजय आफ्रिकेच्या स्वाभिमानाचा आधार ठरला. अल्जीरियाने १९५४ ते १९६२ फ्रान्सशी झुंज दिली आणि त्या झुंजीतूनच तिथले राज्य उभे राहिले. या तिन्ही ठिकाणी युद्ध आणि राष्ट्रभावना यांच्यात फारसे अंतर नाही. जी पिढी लढली, तिने किंवा तिच्या मुलानातवंडांनी त्या लढाईला राष्ट्राचा अर्थ दिला.

हिंगोलीच्या मुलखात हाच प्रश्न विचारला, तर उत्तर शोधायला बरेच लांब जावे लागते. इथले वसाहती युद्ध १८१९ सालचे. इथला माणूस स्वतंत्र भारताचा नागरिक झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. मधली जवळजवळ एकशे तीस वर्षे मोकळी मात्र नव्हती. युद्धासाठी फौज उभी राहिली, फौजेपायी कर्ज झाले, कर्जापोटी मुलूख तोडून दिला गेला, तोडलेल्या जागी हद्द पडली आणि त्या हद्दीच्या दोन बाजूंना एकाच रक्ताची माणसे वेगवेगळ्या राजवटींत वाढली. शेवटी त्याच हद्दीचा उपयोग करून लोकांनी निजामी सत्तेविरुद्ध लढा दिला. मराठवाड्याच्या या कोपऱ्यातली भारतीयत्वाची जाणीव या साखळीतून घडली, असे माझे मत आहे. ही साखळी कडीकडीने तपासण्यासाठी हा आढावा.

शेवटच्या मराठा युद्धाचा शेवटचा टप्पा

१८१७ मध्ये पेशवे, नागपूरकर भोसले आणि होळकर यांच्याशी इंग्रजांचे जे युद्ध जुंपले, त्याच्या ठळक तारखा शाळेत शिकवल्या जातात. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर, १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव, २० फेब्रुवारीला अष्टी, जिथे बापू गोखले पडले. पाठ्यपुस्तक तिथे पान उलटते. पैनगंगेच्या खोऱ्यात मात्र धग उरलीच होती.

या डोंगरपट्ट्यात हटकर नाईकांची ठाणी होती. मेंढपाळ आणि लढवय्या अशा दोन्ही परंपरा बाळगणाऱ्या या समाजाचे नाईक आपापल्या टापूत राखण करत, वसुलीचे हक्क सांगत आणि कोणत्याही दरबाराला सहजासहजी बधत नसत. त्यांच्यातले सर्वांत बलाढ्य नोवसाजी नाईक. इंग्रजांनी १८७० साली छापलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरनेही त्यांची दखल घेतली आहे. हैदराबादच्या निजामाच्या कवायती फौजेने मेजर पिटमन याच्या हाताखाली त्यांच्यावर चाल केली. उमरखेडजवळ नोवसाजींचा पराभव झाला आणि ते नाव्ह्याच्या गढीत शिरले. हे नाव्हा हिंगोलीच्या आग्नेयेला, आजच्या हदगाव तालुक्यात येते. जानेवारी १८१९ मध्ये गढीला वेढा पडला. आत अरब शिपायांची मोठी तुकडी होती आणि ते हट्टाने लढले. ३१ जानेवारीला गढी हल्ला करून घेण्यात आली. नोवसाजींना हैदराबादला नेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

नोवसाजींना आजच्या अर्थाने राष्ट्रवादी म्हणणे घाईचे होईल. त्यांच्यापुढे भारत नावाचे राज्य नव्हते. आपला टापू, आपले वतन, आपली माणसे आणि आपला शब्द यांच्यासाठी ते लढले. मात्र त्यांना नुसते बंडखोर ठरवून विषय मिटवणेही चुकीचे आहे, कारण ते शत्रूच्या दफ्तरातले वर्णन आहे. कोण कोणाशी लढत होते, हे नीट पाहावे. गढीत हटकर आणि अरब खांद्याला खांदा लावून होते. बाहेर निजामाच्या नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमातली आणि मोठ्या प्रमाणात उत्तर हिंदुस्थानातून भरती झालेली फौज होती. धर्म, भाषा किंवा प्रांत यांच्या रेषेवर ही लढाई मांडताच येत नाही. पुढे या भागाच्या इतिहासाला धार्मिक रंग देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांना उत्तर द्यायला नाव्ह्याचा वेढा पुरेसा आहे.

फौज आली ती राहिली

ही फौज म्हणजे पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखले गेलेले सैन्य. १८११ ते १८२० या काळात हैदराबादच्या दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने पण इंग्रजी शिस्तीत दोन पलटणी उभ्या केल्या. महिदपूरला याच रसेल ब्रिगेडने ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने भाग घेतला, नाव्ह्यालाही तीच होती. युद्ध संपले की फौज विसर्जित व्हायची, ही जुनी रीत. ही फौज मात्र वाढत गेली. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या.

हिंगोली शहरात आजही पत्ता सांगताना लोक पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार ही नावे घेतात. पायदळ कुठे, घोडदळ कुठे, तोफा कुठे, निवृत्त शिपाई कुठे वसले आणि त्यांना माल पुरवणारे व्यापारी कुठे, एवढा सगळा नकाशा या पाच नावांत आहे. कयाधूकाठच्या या गावाचे शहर झाले ते या छावणीमुळे. परमुलखातून आलेली शिपायांची कुटुंबे इथे रुजली, दख्खनी, हिंदुस्थानी आणि मराठी या बोली एकमेकांत मिसळल्या. या शहराचा बहुरंगी स्वभाव घडण्यात छावणीचा वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे.

कर्जातून पडलेली हद्द

या फौजेचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास जात असे आणि तो निजामाच्या तिजोरीतून वळता होई. हुकूम रेसिडेंटचा, पगार दरबाराचा. दिवाण चंदूलाल यांच्या काळात पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून चढ्या व्याजाने पैसा उचलला गेला, महालांचे मक्ते दिले गेले आणि मक्तेदारांनी रयत पिळून काढली. फौजेचे पगार थकत गेले आणि थकबाकी कंपनीच्या वहीत निजामाच्या नावे चढत गेली.

गव्हर्नर जनरल डलहौसीने याच थकबाकीवर बोट ठेवले. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, तसेच नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे मुलूख कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. तहात फौजेचा आकारही ठरला: किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी मुलूख गेला, ती फौजही गेली, हद्द मात्र राहिली.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. उमरखेड, पुसद, वाशीम हा भाग इंग्रजी वऱ्हाडात गेला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, हदगाव निजामाकडे राहिले. बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगा ही सीमा झाली. नोवसाजी ज्या उमरखेडला हरले आणि ज्या नाव्ह्याला पकडले गेले, ती दोन्ही गावे आता दोन वेगवेगळ्या राज्यांत होती. सोयरिकी दोन्हीकडे, कुलदैवते दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, कायदा मात्र निराळा.

करोडगिरी म्हणजे जकातीचा नाका हे या निराळेपणाचे रोजचे रूप होते. कापसाची किंवा कापडाची गाडी नदी ओलांडून आली की नाक्यावर उभी राहायची, माल उघडून दाखवायचा आणि जकात भरायची. पलीकडे इंग्रजी रुपया म्हणजे कलदार चाले, अलीकडे निजामाचा हाली सिक्का. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव. म्हणजे मामाकडून भाच्याला आलेल्या आहेराचाही हिशेब दोन नाण्यांत करावा लागे. शाळेचा फरक त्याहून खोल गेला. वऱ्हाडातल्या मुलाला मराठीतून शिकता येई, वर्तमानपत्र वाचता येई, टिळकांच्या काळापासून सभा ऐकता येत. हैदराबाद राज्यात सरकारी कारभार १८८४ पर्यंत फारसीतून आणि नंतर उर्दूतून चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. उर्दू ही थोर भाषा आहे आणि मराठवाड्याच्या बोलीत तिने भर घातली आहे. पण ज्यांची ती मातृभाषा नव्हती, त्या शेतकऱ्याच्या मुलासाठी दरबाराचे आणि शिक्षणाचे दार तिने जड केले, हेही तितकेच खरे. सभाबंदी आणि लेखनबंदी यांची भर त्यात पडली.

अशा रीतीने एकाच मराठी समाजात राजकीय जाणिवेची दोन वये तयार झाली. पैनगंगेच्या उत्तरेला काँग्रेस, निवडणुका आणि कायदेमंडळ यांचा अनुभव घेणारी पिढी होती. दक्षिणेला साधी सभा भरवायला परवानगी मागणारी.

सत्तावन्नचे अवघड पान

राष्ट्रीय ओळखीच्या कोणत्याही चर्चेत १८५७ टाळता येत नाही, आणि इथे ते पान अवघड आहे. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उसळला आणि तो निर्दयपणे मोडला गेला. १७ जुलैला हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावाने रेसिडेन्सीवर हल्ला केला. पण दिवाण सालारजंग इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले आणि कंटिंजंटच्या तुकड्या ह्यू रोजच्या सैन्यात सामील होऊन झाशी, बेटवा, काल्पीपर्यंत लढल्या. झाशीच्या राणीच्या विरोधात उभ्या असलेल्या सैन्यात दख्खनच्या छावण्यांतून गेलेली फौज होती.

हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सावरकरांनी १९०९ मध्ये सत्तावन्नला स्वातंत्र्यसमर म्हटले आणि ती मांडणी देशभर पोहोचली. त्या मांडणीत मराठवाड्यातल्या वाचकाला आपली जागा शोधावी लागते. ती जागा आहे, फक्त ती एकाच बाजूला नाही. फाशी गेलेल्या शिपायांत आहे, रेसिडेन्सीवर चाल करून जाणाऱ्या पठाणांत आहे आणि पोटासाठी चाकरी करत झाशीपर्यंत गेलेल्या स्वारांतही आहे. राष्ट्राचा इतिहास स्वीकारायचा तर तो सगळा स्वीकारावा लागतो.

हद्दच कामाला आली

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात चित्र पालटले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी आली आणि सत्याग्रह झाला. आर्य समाजाचा लढा आणि वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची चळवळ त्याच काळातली. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाने या सगळ्याला दिशा दिली. मागणी दुहेरी होती: राज्यात जबाबदार राज्यपद्धती आणि पुढे भारतात विलीनीकरण.

१५ ऑगस्ट १९४७ ला पैनगंगेपलीकडे तिरंगा चढला. अलीकडे तो फडकवणे हा गुन्हा होता. एका नदीचे पात्र ओलांडले की माणूस स्वतंत्र आणि परत आले की निजामाची प्रजा, हा अनुभव त्या वर्षात हजारोंनी घेतला. राष्ट्र म्हणजे काय, हे एरवी पुस्तकातून समजावून सांगावे लागते. इथे ते डोळ्यांना दिसत होते. हिंगोली, नांदेड, परभणीच्या भागांत भारतीयत्वाची ओढ ज्या तीव्रतेने पसरली, त्यामागे हे रोजचे दर्शन होते असे मला ठामपणे वाटते.

निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा उपद्रव वाढला तशी कुटुंबेच्या कुटुंबे नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. सोलापूर-बार्शीपासून मनमाडपर्यंत आणि इकडे उमरखेडपर्यंत सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची केंद्रे उघडली. तिथून तुकड्या आत येत, करोडगिरी नाके उद्ध्वस्त करत, लेव्हीची म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची दफ्तरे जाळत आणि परत जात. शिंदीची झाडे तोडून अबकारीचे उत्पन्न बुडवणे, जंगल सत्याग्रह, साराबंदी हे सामान्य शेतकऱ्याला जमणारे मार्ग होते. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक ताब्यात घेऊन लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले, वसमतचे महाविद्यालय त्यांचे नाव चालवते.

नाके जाळण्याचा अर्थ इथे नीट ध्यानात येतो. १८१९ च्या युद्धाने आणलेल्या फौजेच्या कर्जातून जी रेषा पडली, तिच्यावरच लोकांनी घाव घातला. तिच्यामुळेच पलीकडे सुरक्षित जागाही मिळाली. इंग्रजांनी मुलूख तोडला नसता तर उमरखेडला केंद्र उभे राहिले नसते. वसाहती सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी आखलेली सीमा शेवटी स्वातंत्र्याच्या उपयोगी पडली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य चारी बाजूंनी आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. हैदराबाद लष्कराच्या जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

आठवण कशाची ठेवायची

युद्ध ओळख घडवते ते त्याच्या आठवणीतून. १८१७-१९ च्या युद्धाच्या आठवणी एकसारख्या नाहीत. कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. त्यावरच्या महार सैनिकांच्या नावांतून दलित समाजाला शौर्याचा आणि समतेचा वारसा मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये तिथे गेले आणि त्या जागेचा अर्थ कायमचा बदलला. अष्टीची आठवण पराभूत मराठेशाहीची आहे. नाव्ह्याची आठवण प्रामुख्याने हटकर-धनगर समाजाने जपली. महाराष्ट्राच्या सामायिक इतिहासात ती अजून पुरती आलेली नाही.

लष्करातली आठवण आणखी निराळी. कंटिंजंटच्या पायदळातून १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि तिचेच नाव १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट असे पडले. ‘नोवाह’ हा रणसन्मान या वंशावळीत येतो. स्वातंत्र्यानंतर आपल्या सेनेने देशबांधवांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान मिरवायचे नाहीत असे ठरवले, आणि ते योग्यच केले. याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमधल्या बडगामला धारातीर्थी पडले आणि पहिले परमवीर चक्र त्यांना मिळाले. नाव्ह्याच्या गढीवर चालून गेलेल्या फौजेचा वारस स्वतंत्र भारतासाठी प्राण देतो, यात मला विसंगती दिसत नाही. संस्था तीच राहते, निष्ठेचा विषय बदलतो. राष्ट्र घडते ते असेच.

१९४८ च्या आठवणीतही एक बाजू अजून पुरेशी बोलली जात नाही. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत आणि गावोगाव लोक ते सांगतात. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, निरपराध मुसलमानांवर झालेला हिंसाचारही खरा आहे. पंडित सुंदरलाल समितीने त्याची पाहणी केली आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. विलीनीकरणाच्या बाजूने लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारले गेलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हेही याच मुक्तिसंग्रामाचे हुतात्मे आहेत. त्यांचे नाव घेतल्याशिवाय १७ सप्टेंबरचा सोहळा पुरा होऊ नये.

या विषयावर मराठीत गंभीर काम झाले आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आणि नरहर कुरुंदकरांचे लेखन नवीन वाचकाने मुद्दाम वाचावे. कुरुंदकर तर याच मातीतले, नांदापूर-कुरुंद्याचे. बहुतेक लेखनाचा भर १९३८ नंतरच्या दशकावर आहे. १८१९ आणि १९४८ एकत्र जोडून पाहणारा अभ्यास आता व्हायला हवा.

पुढचे काम

हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास नव्याने मांडण्याची संधी असते. जुन्या हद्दीच्या दोन्ही काठांची शिवारे आज पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या पाण्यावर पिकतात. वऱ्हाड आणि मराठवाडा एका राज्यात आहेत. तरी अनुशेष, नोकऱ्या आणि शिक्षण यांच्या चर्चेत १८५३ ची ती रेषा अजून डोके वर काढते. मराठवाड्याचे मागासपण नशिबाचे नाही, त्याची सुरुवात एका तहात आणि एका फौजेच्या खर्चात आहे, हे मुलांना शिकवले तर त्यांना आपल्या हक्कांची भाषा अधिक स्पष्ट सापडेल.

त्यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. नाव्हा, उमरखेड, हिंगोलीच्या छावणीचा भाग आणि पैनगंगेकाठच्या जुन्या नाक्यांच्या जागा यांची एकत्रित नोंद नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांनी मिळून करावी. सरहद्दीवरच्या केंद्रांची आठवण सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे, तिचे बोलणे ध्वनिमुद्रित व्हावे. आणि शाळेच्या इतिहासात नोवसाजी नाईक, त्यांच्या गढीतले अरब शिपाई, बहिर्जी शिंदे आणि शोएबुल्ला खान ही नावे एकाच धड्यात यावीत.

हे एकाच धड्यात का, याचे उत्तर सरळ आहे. परक्या सत्तेने एका मुलखाची माणसे फौजेच्या, कर्जाच्या आणि हद्दीच्या बळावर वेगळी केली. शंभरहून अधिक वर्षांनी त्या माणसांनी स्वतःच्या निर्णयाने एकत्र येण्याचे ठरवले. हिंगोलीच्या मुलखाची राष्ट्रीय ओळख या निर्णयातून घडली आहे. तो निर्णय सर्व जातिधर्मांच्या माणसांनी किंमत मोजून घेतला होता, म्हणून त्या ओळखीवर सर्वांचा सारखाच हक्क आहे.